कावळा शिवलेलं मशीन

या ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना माझं नाव ओळखीचं असेल, आणि ते काही चांगल्या कारणासाठी नाही. कुणी लिहिलं की झोपेत छातीवर कुणीतरी बसलं होतं, की खाली माझी कमेंट - स्लीप पॅरालिसिस, गूगल करा. कुणाला वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की मी विचारणार - चष्म्याचा नंबर किती? मी दौंडला ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मशीन चुकत नाही, मशीनला सांगणारा चुकतो, हे मी पोरांना पहिल्याच तासाला सांगते. तेव्हा आज मीच इथे पोस्ट टाकतेय म्हटल्यावर तुम्ही हसणार... हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि तुमच्यात कुणी जुन्या मशीनचा जाणकार असेल तर मला उत्तर द्या. मला खरंच उत्तर हवंय.

आम्ही मूळचे कवठे येमाईचे. वडील लवकर गेले, तेव्हा आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन शिरूरला आली. तिथे आमचं तीन खोल्यांचं घर. माझा मोठा भाऊ सुभाष, म्हणजे दादा, यानं नव्वदीच्या दशकात पुढच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर क्लास काढला. चार मशीन. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही, इंटरनेटचं तर नावही कुणी ऐकलेलं नाही. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं, मशीनसमोर शिंकायचं नाही. त्या चार मशीनचा थाट आमच्या घरच्या देवांनाही कधी मिळाला नव्हता.

मी तेव्हा बी.एस्सी. करत होते आणि दादाच्या दुपारच्या बॅचला टायपिंग शिकवत होते. त्या बॅचमध्ये विलास नावाचा एक मुलगा होता. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, शिरूरला मावशीकडे राहून शिकणारा. रविवारी घरी जायचा. एका सोमवारी तो वहीत घालून एक फ्लॉपी घेऊन आला. कॉलनीतल्या मित्राकडून आणलेला गाडी पळवायचा गेम होता तिच्यात. बाहेरची फ्लॉपी घालू नये असं दादानं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पण दादा बाहेर गेला होता आणि विलासला माझ्यासमोर भाव खायचा होता. पुढे त्याच्याशीच माझं लग्न झालं. 'जावईबापूंनी दोन गोष्टी आणल्या, व्हायरस आणि स्थळ,' असं दादा यांना शेवटपर्यंत चिडवायचा.

गेम छान चालला. काहीच बिघडलं नाही. काही दिवसांनी, बॅच सुटायच्या वेळी, बरोबर पाचला, दोन नंबरच्या मशीनमधून एक धून वाजली. त्या मशीनना धड स्पीकर नसायचा, आत एक चिमुकली डबी असायची. तिच्यातून जत्रेतल्या पिपाणीसारखे सूर आले... भराभर चढले, मधेच अडखळले आणि उतरले. पोरं टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी पाचला तीन मशीन एकदम वाजली.

दादाला राग यायला हवा होता. पण तो रविवारभर मशीनला चिकटून बसला आणि नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा हसत बाहेर आला. म्हणाला, प्रत्येक प्रोग्रॅमची फाईल थोडी फुगलीय, आणि प्रत्येक फाईल अगदी सारखीच फुगलीय. मग सोमवारी सगळ्या बॅचला बसवून त्यानं ते समजावलं. आई मधल्या दारात तांदूळ निवडत ऐकत होती.

"समजा, आपल्याकडे तात्या आले," दादा म्हणाला. "तात्यांच्या धोतराला मागून एक फुकट्या पाहुणा चिकटलाय. त्यानं तात्यांच्या दारावरची पाटी बदलून आपली लावलीय. तुम्ही हाक मारता तात्यांना, पण आधी येतो तो. गुपचूप आपल्या माळ्यावर जाऊन बसतो, आणि मग तात्यांना म्हणतो, या आता. तुम्हाला वाटतं, तात्याच आले. त्यानंतर घरात जो जो येईल, त्याच्या धोतराला हा आपल्यासारखाच एक पाहुणा बांधून देतो. लाइट गेली की माळा रिकामा. पण परत तात्यांना हाक मारली की हा हजर. आणि फ्लॉपी म्हणजे एसटी. बसला तिच्यात, की निघाला पुढच्या गावाला."

आईनं तांदळातून मान वर न करता विचारलं, "मंग एकाच्याच धोतराला धा-धा पाव्हणं न्हाई का व्हत?"

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "नाही आई. तो चिकटला की तिथं आपली एक खूण ठेवतो. कुणी नवीन दिसलं की आधी खूण बघतो. खूण असली तर हात लावत नाही. जिथं एकदा येऊन गेला, तिथं तो परत येत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

गावात बोभाटा झाला. एका मुलीचे वडील विचारायला आले, "सर, हे माणसाला लागतं का? घरात बारकं पोर हाय." दादानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मग त्यानं खाचेवर स्टिकर लावलेली एक स्वच्छ फ्लॉपी आणली. स्टिकर लावला की तिच्यावर काही लिहिता येत नाही, म्हणून पाहुण्याला तिथं शिरता येत नाही. मशीन तिच्यावरून चालू करायचं, म्हणजे माळा रिकामा मिळतो. मग एकेका फाईलचं शेपूट कापायचं आणि दारावरची मूळ पाटी परत जागेवर लावायची. तीन मशीन त्यानं अशी साफ केली. चौथं दिवसभर बंदच होतं. त्याला हात घालणार, एवढ्यात आई आली.

"आज गानं का न्हाई वाजलं रं?"

"आजार होता तो, आई. बरा केला."

"मला काय म्हाईत आजार? मला वाटलं पाच वाजलं की त्यो च्या मागतुया. गानं वाजलं की मी आधण ठिवायची, तवर तुझी बॅच सुटायची. आता आज बग, च्याच टाकला न्हाई मी."

आईला घड्याळ कळत नव्हतं. तिचा दिवस उन्हावर चालायचा, आणि आमच्या मागच्या खोलीत ऊन येत नव्हतं. दादा दिवसभर घसा कोरडा करून शिकवायचा आणि एकदाच, पाचला, मागच्या पायरीवर बसून खारी बुडवून चहा प्यायचा. ती पाच मिनिटं आईची असायची. दादानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, चार मशीन आणि एक आई सांभाळतोय, अजून कुणाला आणू?

तर दादानं चार नंबरचं मशीन साफ केलं नाही. कोपऱ्यात वेगळं ठेवलं, त्याच्या फ्लॉप्यांना लाल पट्टी लावली, आणि नियम केला की याची फ्लॉपी त्याला नाही, त्याची याला नाही, कुणी शिवायचं नाही. ते बाजूला बसलेलं मशीन बघून बॅचमधल्या मुली तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागल्या. त्यांनी त्याचं नाव ठेवलं - कावळा शिवलेलं मशीन. मुलांना आधी कळलंच नाही. आईला कळलं, तेव्हा तिनं एकीच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच हसत आत गेली.

रोज साडेचारच्या सुमारास दादा स्वतः जाऊन त्या मशीनवर टायपिंगचा प्रोग्रॅम एकदा चालवून यायचा. हाक मारल्याशिवाय पाहुणा माळ्यावर येणार कसा? पाचला धून वाजायची, आत आईचं भांडं वाजायचं, आणि दादा चहाला आत गेला की आई म्हणायची, "आला गं बाई." हे कित्येक वर्षं चाललं.

पुढे नवीन कॉम्प्युटर आले. चार नंबरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा दादाला सगळं पुसून ती कोरी करावी लागली आणि प्रोग्रॅम नव्यानं भरावे लागले. लाल पट्टीच्या फ्लॉप्यांना तर केव्हाच बुरशी लागली होती. पाहुणा गेला. आई दोन दिवस रुसली. मग दादा पाचला पुढच्या खोलीतून स्वतःच ती धून तोंडानं वाजवायचा, बेसूर, आणि ओरडायचा, "आई, पाच वाजले!" मशीन मात्र आईनं टाकू दिलं नाही. प्लॅस्टिकचं कव्हर घालून ते त्याच कोपऱ्यात राहिलं.

दादा गेला तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. मी तोवर लग्न होऊन दौंडला होते. सकाळी त्याला छातीत जड वाटायला लागलं, मित्राच्या गाडीतून पुण्याला दाखवायला निघाला. स्वतःच्या पायांनी चालत गेला. दारात चपला घालताना आईला म्हणाला, "पाचपर्यंत येतो, च्या टाक." पाचच्या आधीच फोन आला. मग कुठला चहा आणि कुठली चूल.

दहावा घोड नदीच्या काठावर झाला. बाभळीवर कावळे बसले होते, पण पिंडाला एकही शिवेना. मग सुरू झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. मामा हात जोडून म्हणाले, "सुभाष, क्लास बंद पडू द्यायचो न्हाई." चुलते म्हणाले, "रेखाला माहेर तुटू द्यायचो न्हाई." मागून कुणीतरी म्हणालं, "लग्नाचं राहिलं बगा त्याचं," आणि आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी या गोष्टी न मानणारी, पण मीही मोठ्यानं म्हणाले की आईला मी सांभाळीन. कावळ्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. ऊन चढलं, लोक चुळबुळायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि सगळे जेवायला निघाले.

घाटाच्या पायऱ्या चढताना आईनं माझा हात धरला आणि विचारलं, "त्याचं काय गं राहिलं?"

हा प्रश्न ती पुढची सगळी वर्षं विचारत राहिली. मी तिला दौंडला घेऊन आले होते. शेंगा फोडताना, टीव्ही बघताना, माझी वेणी घालताना मधेच तिचे हात थांबायचे. "रेखे, त्याचं काय राहिलं आसंल?" मी सांगायचे, आई, गर्दी असली की कावळे घाबरतात, बाकी काही नसतं. ती "व्हय" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायची. दर पितृपक्षात ती दादाच्या आवडीचं नवीन काहीतरी आठवून करायची. घारगे, शेंगोळी, कांद्याची भजी. आमच्या कॉलनीतले कावळे खाऊन खाऊन माजले, पण आईचं समाधान नाही. एकदा मी चिडून ओरडले की पुरे झालं आता. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "लेकराच्या मनात काय राहिलं त्ये आईला कळंना, मंग ती आई कसली?" 

मागच्या वर्षी दिवाळीनंतर शिरूरचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं. सामान काढायला मी, आमचे हे, आणि हट्टानं आई, असे टेम्पो घेऊन न्हावऱ्यावरून शिरूरला गेलो. दुपारभर आवराआवर झाली. गॅस कधीच बंद केलेला, लाइट तेवढी चालू होती. चार नंबरचं मशीन तिथंच, कव्हराखाली. मला ते कॉलेजच्या प्रदर्शनासाठी हवं होतं, म्हणून चालतंय का बघायला मी लावलं.

आता इथं जाणकारांनी नीट वाचा. मशीन कुरकुरत चालू झालं. आतली घड्याळाची बॅटरी मेलेली होती, त्यामुळे तारीख दाखवली १९८० सालची आणि वेळ रात्रीचे बारा. मी एंटर दाबून पुढे गेले. DIR देऊन फायलींची यादी काढली. फायलींचे मूळ आकार मला अजून पाठ आहेत. एकही फाईल फुगलेली नव्हती. दादाचं काम, स्वच्छच असणार. मी एकही प्रोग्रॅम चालवला नाही. मशीन तसंच चालू ठेवून मी मागे आईजवळ भांडी बांधायला गेले. आई एकेक पातेलं हातात घेऊन बघत बसली होती.

आणि पुढच्या खोलीत ती धून वाजली.

भराभर चढली, मधे अडखळली आणि उतरली. पूर्ण. एक सूर कमी नाही.

मी धावत गेले. पडद्यावर मी सोडलेली अक्षरं तशीच होती. हे दारात उभे होते, हातात टेम्पोचा दोर. "रेखा, हे... हे माझ्या फ्लॉपीतलं ना?" एवढंच बोलले. कुंपणापलीकडून शेजारच्या कमलवहिनींचा आवाज आला, "अगं, सुभाषभावजींचं गानं वाजलं का आत्ता?" आम्ही त्यांना काही बोललोही नव्हतो. मी मशीनला वेळ विचारली. बारा वाजून वीसेक मिनिटं. मग मोबाईल बघितला. पाच.

मागे वळले तर आई मधल्या दारात उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं, याची मला जास्त भीती वाटली.

"आला," ती म्हणाली. "च्या टाक."

"आई, इथे गॅस नाही गं..."

"मंग कमलकडं टाक. पर टाक."

मी कमलवहिनींच्या ओट्यापाशी उभी राहून चहा केला. साखर किती घातली देव जाणे. आईनं कप घेतला, मागच्या पायरीवर गेली, दादा बसायचा तिथं बशीत थोडा ओतून ठेवला आणि शेजारी टेकली. माझ्याकडे नाही, बशीकडे बघून म्हणाली, "घे रं बाबा. मला लई उशीर झाला."

भिंतीवर कावळा होता. तो उतरला, बशीत चोच बुडवली, परत बुडवली आणि उडून गेला. कावळ्याबद्दल माझा काही दावा नाही. आम्ही दिवसभर डबे रिकामे करत होतो, कावळे येणारच. कावळा चहाही पितो. पण आईनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "येवढंच व्हतं गं. च्या टाक म्हनून गेला व्हता लेकरू. येवढंच राहिलं व्हतं, आन् मी कुटं कुटं शोधत बसले." आणि ती रडली. दादा गेला तेव्हा नव्हती रडली इतकी. हे मागे येऊन उभे राहिले आणि आईला "मामी, मामी" करत स्वतःच डोळे पुसत होते.

मशीन मी दौंडला आणलं. डिस्कची नक्कल काढून हाती लागतील तेवढे अँटिव्हायरस तिच्यावर चालवले. काही नाही. कुठल्याच फाईलला शेपूट नाही. कुणाचा मोबाईल वाजला असेल? ती धून आमच्यापैकी कुणाच्याच मोबाईलमध्ये नाही. मनाचे खेळ म्हणाल, तर कुंपणापलीकडच्या बाईच्या मनाशी आमचं काय देणंघेणं? चला, धरून चालू की कुठल्यातरी कोपऱ्यात पाहुणा उरला होता. पण हा पाहुणा मशीनचं घड्याळ बघून गातो, आणि मशीनच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजून गेले होते. पाच वाजलेत हे त्याला सांगितलं कुणी? जाणकारांना माझा एवढाच प्रश्न आहे.

आईनं त्या दिवसानंतर तो प्रश्न परत कधीच विचारला नाही. वेणी घालताना तिचे हात थांबले नाहीत. चैत्रात ती गेली, झोपेतच. तिच्या दहाव्याला आम्ही पिंड मांडून सरळ उभेही राहिलो नव्हतो, तेवढ्यात कावळा शिवला. मामा म्हणाले, "आक्काचं काय राहिलंच न्हाई बग."

आता ते मशीन आमच्या मागच्या खोलीत आहे. प्रदर्शनाला दिलं नाही. कॉलेज नसलं की मी साडेचारच्या सुमाराला ते चालू करते आणि टायपिंगचा प्रोग्रॅम एकदा चालवून ठेवते, दादा करायचा तसा. पाचला मी आणि हे गप्प बसून असतो. काही वाजत नाही. व्हायरसच नाही तर वाजेल काय, असं मी वर्गात सांगेन, आणि ते बरोबरच आहे. पण इथं मला आईनं तांदूळ निवडता निवडता विचारलेला प्रश्न ऐकू येतो, आणि दादाचं उत्तर. तो आधी खूण बघतो. जिथं एकदा येऊन गेला, तिथं परत येत नाही.

चहा मात्र मी तीन कप टाकते.